आमच्याकडे मराठी चॅनेल लागत नाहीत

माझ्या नवऱ्याला आजही वाटतं की आमच्या घरचे मराठी चॅनेल डिशच्या कंपनीनं बंद केले. पुण्याच्या भावालाही तेच वाटतं. आणि आईला तर – आईला त्यात तीळभरही शंका नाही. खरं काय झालं ते मी एकटीच जाणते, आणि आता तुम्हाला कळेल. का सांगतेय? कुणास ठाऊक. पोटात ठेवून ठेवून आंबलंय ते, एवढंच.

पण आधी कंपनीबद्दल बोलू द्या. कारण तो संताप खोटा नव्हता हो!

आम्ही चेन्नईत, पेरुंगुडीला राहतो. नवरा गिंडीच्या एका कारखान्यात, मी सॉफ्टवेअरमध्ये – काम बहुतेक घरूनच. बाबा गेल्यावर आईला मिरजेहून इकडे आणलं. तिला तमिळचं अक्षर कळत नाही, हिंदी भाजीवाल्यापुरती. मी दिवसभर बेडरूमचं दार लावून, कानाला हेडफोन. मग तिच्याशी मराठीत बोलणार कोण? टीव्हीच की. सकाळी अभंग, दुपारी पाककृती, संध्याकाळी मालिका. ती नुसती बघायची नाही, उत्तरं द्यायची. "अगं, त्याचं ऐकू नकोस, लबाड आहे मेला," असं पडद्यातल्या सुनेला बजावायची.

आणि एक दिवस पडद्याच्या खालच्या बाजूला पट्टी सरकायला लागली. तुमची कंपनी हे चॅनेल लवकरच बंद करू शकते, पाहत राहायचं असेल तर या नंबरवर मिस्ड कॉल द्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! चॅनेलवाले आणि कंपनी यांचं दरावरून भांडण, आणि मध्ये वेठीला कोण, तर आम्ही. तमिळ चॅनेलना हात लावायची यांची छाती आहे? मराठी काय – चार टाळकी बघणार, काढून टाका. आम्ही म्हणजे यांना पोह्यातला कढीपत्ता वाटलो की काय, खाताना बोटानं बाजूला सारायला?

आमच्या सोसायटीत मराठी घरांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. सगळे पेटले होते. कुणी म्हणालं कंपनी बदलू, कुणी म्हणालं ग्राहक मंचात जाऊ, एकानं तर सेट-टॉप बॉक्स उचलून त्यांच्या ऑफिसात आपटायची भाषा केली. पण सगळ्यांत कडक मेसेज कुणी लिहिला? मी. भाषा, हक्क, परमुलखातली म्हातारी माणसं – असं काही लिहिलं की लोकांनी तो मेसेज पुढे मुंबईपर्यंत पाठवला. आईला वाचून दाखवला तेव्हा तिनं पदरानं डोळे पुसले.

आईनं मात्र लिहिलं-बिहिलं नाही. तिनं मिस्ड कॉल दिले. आंघोळ, देवपूजा, आणि मग फोन – एक रिंग, कट. मग माझ्या फोनवरून, जावयाच्या फोनवरून. कामाला येणाऱ्या सेल्वीला खुणांनी समजावून तिच्याही फोनवरून. खालच्या वॉचमनला गाठलं. त्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानं मुकाट फोन काढून दिला. इतके दिवस ही बाई लिफ्टमध्ये मान खाली घालून उभी राहायची, ती आता दारोदार बेल वाजवत होती! अशीच वरच्या मजल्यावर शारदाबाईंच्या दारात गेली.

शारदाबाई तंजावरकडच्या मराठी, पिढ्यानपिढ्या इकडच्याच. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, तमिळच्या हेलात बोललेलं, 'बरं, बरं' म्हणायचं तिथे मध्येच "सरी, सरी" म्हणणारं. त्यांनी मिस्ड कॉल दिलाच, वर विचारलं, असं ह्या मालिकेत आहे तरी काय? झालं. दुसऱ्या दिवसापासून दुपारी आमच्याकडे. त्यांच्या घरी सगळं तमिळच चालतं. आई त्यांना मालिकेतली नाती समजावून सांगायची, त्या आईला इथल्या भाज्यांची नावं शिकवायच्या. दोघी बोलायच्या, हसायच्या, मोठ्यांदा, टीव्हीच्याही वर.

आणि भिंतीच्या पलीकडे मी.

तुम्ही कधी अशा मीटिंगमध्ये बसलायत का, की तुम्ही गंभीरपणे काही मांडताय आणि मागून एक बाई हंबरडा फोडतेय? आईला जरा कमी ऐकू येतं, त्यामुळे टीव्हीचा आवाज मोठा. एकदा परदेशातल्या साहेबानं मला थांबवून काळजीनं विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, कुणीतरी रडतंय. बाकीचे हसले. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. आईला आवाज कमी कर म्हटलं की ती ओशाळून करायची – आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. हेडफोन घेऊन द्यायला हवे होते, नाही का? मला सुचले नव्हते असं नाही. आणले नाहीत.

मग चॅनेल खरोखर गेले. सगळ्यांचेच. कंपनी हटेना, चॅनेलवाले हटेनात. आई संतापानं घरभर फिरत होती. मालिकेतल्या सुनेचं डोहाळजेवण तोंडावर आणि असं कसं बंद करतात? ग्रुपवर नुसता शिमगा. आणि मी? ग्रुपवर निषेध लिहीत होते आणि दाराआड त्या शांततेत – कसं सांगू – सुखानं काम करत होते. किती बरं वाटलं मला! कुणी हंबरडा फोडत नव्हतं, कुणी मोठ्यांदा हसत नव्हतं. दोघी म्हाताऱ्या काळ्या पडद्यासमोर बसून हळू आवाजात बोलायच्या.

आठवडाभरात कंपनीचा आणि चॅनेलवाल्यांचा समझोता झाला. माझ्या फोनवर मेसेज आला: सर्व चॅनेल पूर्ववत. सकाळी मी नवऱ्याच्या आधी उठले होते. टीव्ही लावून बघितला – होते की. सगळे मराठी चॅनेल जिथल्या तिथे. आई आत देवापाशी होती. घंटेचा आवाज येत होता.

मी टीव्ही बंद केला, फोनवर कंपनीचं अॅप उघडलं आणि मराठीचा पॅक काढून टाकला.

मी. कंपनीनं नाही. अॅपनं विचारलंही, नक्की काढायचा? मी म्हटलं, हो. आई बाहेर आली, हात जोडूनच तिनं टीव्ही लावला – आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही गं आई, अजून नाही सोडले मेल्यांनी." आणि वर कंपनीला दोन शिव्या हासडल्या.

एकदा खोटं बोललं की ते सांभाळावं लागतं. ग्रुपवर मी कळवलं की आईच्या डोळ्यांना त्रास होतोय, टीव्हीचा विषय तिच्यापाशी काढू नका, तिला वाईट वाटतं. सगळ्यांनी मोठ्या समंजसपणे पाळलं ते. आईला सांगितलं, बाकीच्यांनी कंपनी बदलली, आपल्याला बाई ते इतक्यात जमणार नाही. नवऱ्याला सांगितलं, आपल्याच कनेक्शनचे चॅनेल कंपनीनं सोडले नाहीत. तो बिचारा तक्रार करतो म्हणाला, तर मी म्हटलं, मी बघते. बघते म्हटलं की आमच्याकडे कुणी पुढे विचारत नाही.

आई मिस्ड कॉल देत राहिली. रोज, देवपूजा झाली की. भांडण मिटलेलं, सगळ्या घरांत मालिका चालू, आणि माझी आई एकटी त्या नंबरवर एक रिंग देऊन कट करतेय. पुढे तो नंबर लागेनासा झाला. तेव्हा तिला वाटलं, कंपनीनं मुद्दाम तिचाच नंबर अडवलाय. "मी फार त्रास दिला ना त्यांना," असं ती म्हणाली, आणि त्यात थोडा अभिमानही होता. तेव्हा तरी सांगायचं! चहा घेता घेता एका वाक्यात संपलं असतं. अॅप उघडून पॅक परत घेतला असता तरी झालं असतं, तोंड उघडायचीही गरज नव्हती. मी कप उचलून मीटिंगला गेले.

शारदाबाई काही दिवस येत राहिल्या. मग त्यांच्या सुनेनं विचारलं म्हणे, तिकडे टीव्हीच लागत नाही तर जाता कशाला? टीव्ही बघायला जाते हे घराबाहेर पडायला कारण होतं, गप्पा मारायला जाते हे नव्हतं. यायच्या बंद झाल्या. आई पुन्हा लिफ्टमध्ये मान खाली घालायला लागली. दुपारी खिडकीशी बसायची. मी जेवायला बाहेर आले की भरभरून बोलायची, आणि मी घड्याळाकडे बघायची.

वर्ष सरायच्या आत तिनं मिरजेला परत जायचं काढलं. तिथे कुणी नाही, गुडघे धड नाहीत, भाऊ फोनवर तिच्यावर चिडला, जावई विनवण्या करत होता. तिनं माझा हात हातात घेतला. "तुझ्याकडे मला काही कमी नव्हतं गं," ती म्हणाली. "पण दिवसभर तोंड मिटून बसायचं तरी किती?"

तेव्हाही मी बोलले नाही. उलट म्हटलं, या कंपन्यांचं वाटोळं होवो. तुम्ही म्हणाल, कामाचा ताण होता, थकली असशील. नका म्हणू. मला राग येतो. मी थकलेली नव्हते. मला शांतता हवी होती, आणि ती मी माझ्या आईच्या तोंडून काढून घेतली.

गेल्या महिन्यात मिरजेला जाऊन आले. आई एकटीच असते. भिंतीला धरून चालते. टीव्ही मोठ्यांदा चालू होता. शेजारच्या काकू आल्या, तर आईनं त्यांना बसवून घेतलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "ही माझी लेक. माझ्या चॅनेलसाठी एवढ्या मोठ्या कंपनीशी एकटी भांडली हो." काकूंनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मी म्हटलं, "त्यात काय एवढं."