हात न देता

“तिले आता एकटं ठेवता येत नाही गा. खोली सोडून टाक,” काटोलचे काका बाबांना सांगत होते. मी चहाचा ट्रे घेऊन दाराआडच थांबले.

खोली आत्याची. प्रताप नगरातली, भाड्याची. शाळेतली नोकरी संपल्यावरही ती तिथे एकटीच राहायची. दिवाळीनंतर न्हाणीत घसरली. हाड मोडलं नाही, पण बाबा तिला आमच्याकडे घेऊन आले.

आमच्याकडे तिला कुणी उठूच देईना. वडीलधाऱ्या माणसाचा मान ना! तिच्यासाठी पाट जाऊन खुर्ची आली. ती जरा हलली की आई धावायची, “बसा ताई, मी देते ना.” महिन्याभरात तिला खरोखरच दुसऱ्याचा हात लागू लागला.

एका दुपारी आई झोपली असताना आत्या मला मागच्या अंगणात दिसली. कपडे वाळवायच्या तारेचा खांब धरून उठबशा काढत होती. पाय लटलट कापत होते.

“तुह्या आईले सांगू नको. मोज वं.”

मी घाबरत मोजू लागले, वन, टू...

“इंग्रजीत मोजलं म्हणून गुडघे आयकतात का वं?” धापा टाकत ती हसली.

मग रोजच. कॉलेजातून येताना मी सायकल जिवाच्या आकांताने हाणायची. माझ्याआधी सुरुवात करून ती पडली तर? लपवलं मी होतं. दोनाच्या पंधरा झाल्या. पुढे खांब सुटला. मग जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि हात न टेकता उठायचं. त्यात दोनदा ती कलली, आणि दोन्ही वेळा मी डोळे मिटून घेतले.

मी ट्रे घेऊन आत गेले. आत्या आज खुर्ची सोडून सतरंजीवर बसून काकांनी आणलेली संत्री सोलत होती.

“बोल ना बाई, एकटी राहशील कशी?” काकांनी विचारलं.

आत्याने सालं बाजूला सारली, पाय जवळ घेतले आणि उठू लागली. बाबा एका बाजूने झेपावले, आई दुसऱ्या. त्यांनी धरलं असतं तर खोली गेलीच होती. मी ट्रे खाली ठेवला. मोठ्यांच्या बोलण्यात मी आजवर तोंड उघडलं नव्हतं.

“तिला धरू नका! तिला उठता येतं.”