देवघरातलं लायसन

बिनलायसनची गाडी हाकणारे या जगात पुष्कळ असतील, पण लायसनला हळदीकुंकू वाहून गाडी हाकणारा माणूस एकच, आणि तो देवानं नेमका आमच्या अक्काच्या पदरात टाकला. हे आमचे दाजी. परंडा तालुक्यातले, घरची शेती, दिलदार माणूस, आणि आवाज असा की घरात बोलले तर वेशीवरचं कुत्रं उठून बसतं. मी एसटीत ड्रायव्हर. लायसन ही माझी भाकरी. मुदत संपायच्या आधी रांगेत उभं राहून, डोळे तपासून घेऊन मी ती जपत आलोय. त्यामुळं दाजींची ही गोष्ट सांगताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

दाजींनी तरुणपणी एकदाच लायसन काढलं. त्या दिवशी गावात पेढे वाटले, आणि ते जे देवघरात ठेवलं ते तिथंच राहिलं. दर खंडेनवमीला नांगराचा फाळ, विळा, पाना आणि मधोमध लायसन अशी पाटावर मांडणी व्हायची. अक्का त्याच्यावर हळदीकुंकू वाहायची, झेंडूचं फूल ठेवायची. थरावर थर चढत गेले, फोटोतल्या दाजींच्या मिशासुद्धा दिसेनाशा झाल्या. लायसनला मुदत असते हे त्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं. मी एकदा म्हणालो, "दाजी, लायसन खिशात ठेवायचं असतं." तर म्हणाले, "पाव्हणं, खिशात बिडी असती. तिथं असली पवित्र वस्तू ठिवायची व्हय?" कपाळ माझं!

गाडी चालवायची त्यांची तऱ्हाही तसलीच. रस्त्यात जो दिसेल त्याला गाडीत कोंबायचं. मागच्या माणसाशी बोलायचं तर पूर्ण मान वळवून, कारण "माणसाकडं न बघता बोलणं बरं दिसत न्हाय." गाडी मागं घेणं त्यांना ठाऊकच नव्हतं. "आमच्या घराण्यात कुणी मागं सरलं न्हाय," असं म्हणून तोंड फिरवायला अख्ख्या गावाला प्रदक्षिणा घालायचे. आणि देऊळ दिसलं की संपलंच. मारुती असो, म्हसोबा असो, नाहीतर बांधावरचा शेंदूर फासलेला दगड, दाजींचा एक हात सुटून कपाळाला गेलाच. मी ओरडलो की म्हणायचे, "दुसऱ्या हातात स्टेरिंग हाय, हे देवाला दिसतंय की!" देवाला दिसत होतं हो, पण समोरून येणाऱ्यानं काय घोडं मारलं होतं?

गेल्या वर्षी सगळ्यांनी सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला जायचं ठरवलं. गाडी माझी, नवीकोरी. मी चावी लावणार तेवढ्यात दाजी आडवे आले. "पाव्हणं, रोज चालवताच की. आज सुट्टी हाय, बसा निवांत." मी विचारलं, "दाजी, लायसन चालू आहे का?" त्यांनी तोंड उघडायच्या आत आईच कडाडली, "जावयाला लायसन इचारतंय व्हय कुणी? लाज वाटत न्हाय?" आमच्याकडं जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो. त्याच्या ताटात तूप वाढताना पुरे का म्हणून विचारायचं नसतं, मग लायसन कुठून विचारणार! दिली चावी आणि बसलो शेजारी दात-ओठ खात.

सोनारी जवळ आली. झाडांवरून देवळाचं शिखर दिसलं आणि दाजींचा हात कपाळाला गेला. या खेपेला डोळेही मिटले. "दाजी!" म्हणून मी बोंबललो तोवर समोरून मोटारसायकलवर येणारा गवंडी आमच्या गाडीची धडक बसून रस्त्याच्या कडेला जाऊन पडला होता. मांडीचं हाड मोडलं होतं. परांचीवर चढून पोट भरणारा माणूस धुळीत विव्हळत होता. दाजींनी त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, मी गाडी दवाखान्याकडं दामटली.

पुढं पोलीस ठाणं आलंच. गावाकडून लायसन मागवलं. ठाण्याबाहेर आमच्या वकिलानं नखानं हळद खरवडली, तेव्हा खालची तारीख दिसली. केव्हाच संपलेली. वकील म्हणाला, "मुदत संपलेलं लायसन म्हणजे नसल्यासारखंच. यांच्यावर गुन्हा होणार. अशा माणसाच्या हातात गाडी दिली म्हणून मालकावरही होणार. आणि विमा कंपनी हात वर करणार, त्या गवंड्याची भरपाई तुमच्याच बोकांडी बसणार." एवढं सांगून तो चहाला गेला, आणि आई माझ्या कानाशी लागली. "तुझं लायसन चालू हाय न्हवं? मग तूच चालवत हुतास म्हण. दवाखान्यात तूच तर आणलीस गाडी. जावयाला कोर्टात उभं करतूस व्हय?"

माझं डोकंच फिरलं. म्हणजे खोटा जबाब मी द्यायचा, अपघात माझ्या नावावर चढवायचा, नोकरीवर पाणी सोडायचं, लेकरांच्या तोंडची भाकरी काढायची. कशासाठी? तर ते जावई आहेत! आणि नाही म्हणावं तर अक्का समोर पदर तोंडात धरून रडत बसलेली, तिला जन्मभर कुठल्या तोंडानं सांगायचं? "आणा, माझ्याबी लायसनला हळद लावा आणि बसवा देवघरात!" असा ओरडलो की बाकावरची माणसं वळून बघायला लागली. दाजी खांबाला टेकून खाली बघत उभे होते. याचाच मला जास्त संताप आला.

आतून साहेबांनी विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?" मी उठलो. काय सांगणार होतो, देवाशपथ, मला अजून ठाऊक नाही. पण माझ्या आधी दाजी आत शिरले. वेशीवरचं कुत्रं उठवणारा तो आवाज दारापर्यंतसुद्धा नीट पोचत नव्हता. "साहेब, गाडी म्या चालवत हुतो. ह्यो पाव्हणा बाजूला बसला हुता. त्यानं लायसन इचारलं हुतं, आमीच त्याला गप बसवलं."

केस अजून चालू आहे. परंड्याच्या कोर्टात तारखेला दोघांनाही जावं लागतं, ते चालक म्हणून, मी मालक म्हणून. गवंडी काठी टेकत येतो. दाजी त्याला आधी बाकावर जागा करून देतात, त्याच्या घरी आपल्या शेतातली ज्वारी पोचवतात, पण मोडलेली मांडी काही पहिल्यासारखी होत नाही. माझा राग गेलेला नाही, खोटं कशाला सांगू? घरातल्या गाडीला दाजी आता हात लावत नाहीत. तारखेला मीही प्रवासी असतो, दाजी एसटीत माझ्या शेजारी, खिडकीकडं बसतात. मागं वळून कुणाशी बोलत नाहीत. सोनारीचा फाटा आला की मी मुद्दाम दुसरीकडं बघतो, तरी दिसायचं ते दिसतंच. दाजी नमस्कार करत असतात, आता दोन्ही हात जोडून. फाटा मागं पडतो तरी ते हात सुटत नाहीत, आणि एवढा राग असूनही मला वाटतं, एकदा तरी यांनी मान वळवून मोठ्यांदा "पाव्हणं!" म्हणावं.