बोट काढा
आमच्या घरात माझं एकही भांडण धड पूर्ण झालेलं नाही. मी रंगात आलो, आवाज चढला, की ही शांतपणे म्हणते, "बोट काढा." ही हॅम रेडिओवाली, म्हणजे हौसेनं बिनतारी सेट चालवणारी. त्या सेटवर बटण दाबून बोलायचं आणि सोडून ऐकायचं असतं. बटण दाबलेलं आहे तोवर समोरचा कितीही ओरडला तरी तुम्हाला ऐकू येत नाही, आणि चॅनलवर दुसऱ्या कुणाला बोलताही येत नाही. हिच्या मते संसाराचंही तेच. छापखान्याच्या खडखडाटातून निवृत्त होऊन मी शांतता शोधत घरी आलो, तर नशिबी ही खरखर!

हिचं औषधाचं दुकान आहे. पुरात, वादळात फोन बंद पडले की लायसन असलेल्या हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवायचे, तेही फुकट, असं एक पथक हिनं उभं करायला घेतलं. भरती काउंटरवरच चालायची. "हे सिरप दिवसातून दोनदा, जेवणानंतर. आणि रविवारी मीटिंगला या." माणसं सिरप घेऊन पळायची. दातांचे डॉक्टर तर लायसन असून टाळाटाळ करत होते. त्यांना परदेशी गप्पांचा नाद. ही म्हणाली, "सातासमुद्रापलीकडच्या माणसाशी बोलता, मग नदीपलीकडच्याशी बोलायला काय जड जातं?" डॉक्टर वरमले आणि आले. विमा एजंट मात्र न बोलावता आला. लायसन नवंकोरं, उत्साह ओसंडून वाहणारा, तोंडाला कुलूप नाही. मी म्हटलं, "हा एक दिवस घात करणार." ही म्हणाली, "माणसं काय झाडाला लागतात? आहे त्याला शिकवेन."

तोंडावर नाही म्हणाली ती एकटी आमची लेक. नदीपलीकडच्या शाळेत ती शिक्षिका. लायसन तिनं आईच्या हट्टापायी काढलं होतं, पण पथकात यायचं म्हटल्यावर फटकन बोलली, "मला लहानपणी घरात आई हवी होती, कंट्रोल रूम नको होती." हिला ते फार लागलं. त्यानंतर मायलेकींचं बोलणं कामापुरतंच उरलं.

त्या वर्षी नदी फुगली, वीज गेली, फोन मेले, पूल पाण्याखाली गेला. पलीकडची माणसं शाळेत गोळा झाली होती. लेक त्यांच्यातच. हिनं एजंटला आदल्या दिवशीच सेट देऊन तिकडे पाठवलं होतं. त्या काठावर तेवढा एकच सेट. दुपारी धरणाच्या ऑफिसातला माणूस जीपमधून आला आणि आमच्या दारातूनच ओरडला, "दरवाजे उघडावे लागणार. शाळेत पाणी शिरेल. संध्याकाळच्या आत त्यांना टेकडीवर जायला सांगा."

हिनं बॅटरीवरच्या सेटचा माइक उचलला. तेवढ्यात स्पीकरमधून कुणीतरी खोकलं. मग पोर रडलं. मग भांड्यांचा आवाज, आणि एजंटच्या तोंडाचा अखंड पट्टा, "पॉलिसी म्हणजे काय सांगू, काका..."

ही म्हणाली, "त्याचं बटण दाबलं गेलंय. त्याला पत्ताच नाही."

"मग सांग ना त्याला!"

"कसं सांगू? तो ऐकतच नाहीये!"

मी एजंटला अशा शिव्या घातल्या की धरणवाला जीपकडे निघून गेला. आणि तेवढ्यात स्पीकरमधून माझ्या लेकीचा आवाज आला. अगदी स्वच्छ, शेजारच्या खोलीत असावी तसा. "घाबरू नका, आजी. शाळा पक्की आहे. आपण इथून कुठेही जायचं नाही."

मी स्पीकरला तोंड लावून ओरडलो. हो, ओरडलो, वेड्यासारखा. ती आजीला चादर देत होती आणि मला ऐकू येत होतं, पण माझं काही म्हणजे काही तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. एवढा असहाय मी जन्मात झालो नव्हतो. ही माइक हातात धरून बसून होती. बाहेर पाण्याचा आवाज वाढत होता.

"एजंटसाहेब, रेनकोट काढा, ओल्यात बसू नका," लेक म्हणाली. रेनकोटची सळसळ. मग एकदम, "अहो, तुमच्या कमरेच्या सेटवर लाल दिवा का? बोट काढा!"

"कुठलं बोट?"

"पट्टा! कमरेच्या पट्ट्यानं बटण दाबलंय! बोट काढा म्हणजे, अहो, सोडा ते!"

खट्. शांतता.

मला वाटलं, आता पथकातले सगळे एकदम बोलणार आणि एकमेकांचे निरोप खाणार. डॉक्टर तर हमखास. पण कुणी बटण दाबलं नाही. कंट्रोल, म्हणजे ही, आधी बोलेल, हे हिनं रविवार-रविवार घोकून घेतलं होतं. हिचा आवाज जराही हलला नाही. "शाळेत पाणी येतंय. सगळ्यांना घेऊन टेकडीवर जा. आत्ता. ओव्हर."

उत्तर लेकीनं दिलं. "समजलं. पाणी येतंय, सगळ्यांना घेऊन टेकडीवर जातो. ओव्हर."

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मला विचारू नका. ही हललीही नाही. उजेड कलताना सेट खरखरला. "सगळे वर पोचलो. शाळेच्या खिडक्यांपर्यंत पाणी आलंय. आई, तुझ्या पथकात माझं नाव घाल. बाबा आहेत का तिथे? ओव्हर."

ज्या माइकला मी कधी हात लावला नव्हता, तो हिनं माझ्या हातात दिला. मी बटण दाबलं. बोलायचं पुष्कळ होतं, पण बटण दाबून मी नुसता रडत बसलो, आणि अख्खं पथक ते ऐकत राहिलं.

हिनं माझ्या हातावर हात ठेवला. तिचेही डोळे वाहत होते.

"अहो," ती म्हणाली, "बोट काढा. ती काहीतरी सांगत असेल."