चोपड्यात घडलेली बेस गिटार

चोपडा गावच्या शाळेत गणित शिकवत असताना आम्ही चार शिक्षकांनी ऑर्केस्ट्रा काढला. बाकीच्यांनी आपापली वाद्यं पटापट ठरवली, उरली ती बेस गिटार माझ्याकडे आली. आमच्या गल्लीतले सुतार आबा पलंग, दारं इतकी सुरेख करत की गिटार त्यांच्याकडूनच करून घ्यायची असं मी ठरवलं. मोठ्या कागदावर अगदी मापात चित्र काढलं. गिटारच्या दांडीवर पितळी पट्ट्या असतात. दांडीच्या टोकाकडून अंगाकडे सरकताना त्यांच्यातलं अंतर कमी कमी होत जातं. तो हिशेब मी दोन रविवार घालवून दशांशापर्यंत केला.

आबांनी चित्र उलटं-सुलटं करून पाहिलं.

"हाई काय शे मॅडम? वल्हं शे का?"

"बेस गिटार आहे, आबा."

"बसीसन वाजाडतस म्हनीसन बेस?"

तीन आठवड्यांनी गिटार तयार झाली. अंग बैलगाडीच्या उरलेल्या बाभळीचं, दांडी वाकू नये म्हणून आत खिडकीचा गज. पॉलिश असं की त्यात बघून कुंकू लावावं. उभ्यानं काही पेलवेना, म्हणून मी खरंच बसले. मोकळी तार छेडली, तर दुकानातले खिळ्यांचे डबे थरथरले. आबा खूश. मग तिसऱ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि भलताच सूर निघाला. फूटपट्टी घेऊन मोजलं. सगळी अंतरं एकसारखी!

"आबा, हे असं कसं?"

आबा जवळ सरकून हळूच म्हणाले, "तुमना चित्रमा चूक व्हती. मी बठ्ठ्या पट्ट्या सारख्या करी दिन्यात. कोनले सांगं नही."

गणिताच्या बाईंची अब्रू त्यांनी तीन आठवडे झाकून ठेवली होती. मला रागावताही येईना.

दुसऱ्याच दिवशी पहूरला हळदीचा कार्यक्रम होता. आबांनी पकडीनं सगळ्या पट्ट्या उपटल्या आणि खाचांत सरस-भुसा भरला. आता सूर अंदाजानं शोधायचा. पहूरला प्रत्येक गाण्यात मी खालून घसरत घसरत सुरापाशी पोचत होते. नवरदेवाचे मामा नाचता नाचता थांबले.

"म्हैस कुठे ओरडून राहिली?"

मी मान खाली घालून वाजवत राहिले. गाणं संपल्यावर मांडवातून आरोळी आली, "म्हशीचं गाणं पुन्हा!" ते आम्ही तीनदा वाजवलं.

त्यानंतर आबांनी पाटी लावली: 'पलंग, दरवाजे, बेस गिटार'. पहिलं गिऱ्हाईक नरडाण्याहून आलं. त्यानं नमुना म्हणून दुकानात ठेवलेली माझी गिटार कशीबशी उचलली, लगेच खाली ठेवली, पॉलिशवरून हात फिरवला आणि त्याच आकाराचा टीपॉय सांगितला. तो टीपॉय पाहून धुळ्याच्या एका शेठजींनी दोन मागवले. आता आबांच्या दुकानात चार पायांच्या गिटारी रांगेनं वाळत असतात. माझ्या स्वयंपाकघराचं दार दुरुस्तीला त्यांच्याकडेच पडून आहे. विचारायला गेले की ते टीपॉयवर चहा देतात आणि पुढच्या सोमवारी या म्हणतात.