सोऱ्याच्या डब्यातला वस्तरा

माझा हा पराक्रम ऐकून माझ्या सख्ख्या बहिणीने फोन ठेवून दिला होता, हसू आवरेना म्हणून. थोड्या वेळाने तिने परत फोन केला तेव्हा ती रडत होती. तुमचं काय होईल ते तुम्ही बघा, मी आपली सांगून मोकळी होते.

तशी मला झोप न यायला कारणं पुष्कळ. ओवीने डबा संपवला नाही म्हणून झोप येत नाही, आणि फारच पटकन संपवला तर हिने नक्की कुणाला वाटला म्हणून येत नाही. पण त्या दिवसांत एकच काळजी डोक्यात बसली होती. नवऱ्याची दाढी.

हसू नका! माझे सासरे, आमचे अण्णा, होळीच्या आधी गेले. दहाव्याला समीरने डोकं, दाढी सगळं केलं, आणि त्यानंतर चेहऱ्याला हात म्हणून लावला नाही. डोक्यावरचे केस वेळच्या वेळी कापून यायचा. दाढी मात्र वाढतेय, वाढतेय. माणूस मुळात कमी बोलणारा, आता त्या दाढीच्या आत पार दिसेनासाच झाला. "समीर, ठीक आहेस ना?" "हं." "काही हवंय?" "हं-हं." संपला संवाद.

मी शिकलेली बाई. म्हणजे काय करणार? मोबाइलवर वाचणार. 'दुःखात माणूस स्वतःकडे दुर्लक्ष करतो' एवढं वाचलं आणि मला घाम फुटला. पुढचं वाचायची हिंमत झाली नाही, आणि न वाचल्यामुळे जास्त काळजी वाटायला लागली.

मग मला सुचलं. अण्णा शेवटपर्यंत वस्तऱ्याने दाढी करायचे. न्हाव्याकडे असतो तसा, उघडा, दुमडायचा वस्तरा. रविवारी गॅलरीत आरसा टांगून बसायचे आणि लहानपणी समीर समोर पाटावर बसून बघत राहायचा, असं त्यानेच लग्न झाल्यावर सांगितलेलं. तो वस्तरा आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दहाव्याला आलेल्या न्हाव्यालाच देऊन टाकला होता. मग आपण समीरला वाढदिवसाला तस्साच नवा वस्तरा द्यायचा! वडिलांची आठवण, आणि दाढीही निघेल. काय डोकं आहे ना?

अडचण एकच. वर्ष व्हायचंय. वर्षाच्या आत आमच्या घरी सण नाही, गोडधोड नाही, वाढदिवसाचं तर नावच नको. आईंना कळलं असतं तर त्या काही बोलल्या नसत्या, नुसत्या अण्णांच्या फोटोकडे बघत बसल्या असत्या. ते बोलण्यापेक्षा वाईट. म्हणून सगळं गुपचूप.

मी महिनाभर अभ्यास केला. इतका मी एमएस्सीला केला नव्हता. नवशिक्याने टोकदार वस्तरा घेऊ नये, गोल टोकाचा घ्यावा. पातं फार रुंद नको. धार लावायला चामड्याचा पट्टा हवा. साबणाला वाटी, कापलं तर तुरटी. ब्रश चांगला कुठला, तर म्हणे डुकराच्या केसांचा. तो घरात आला असता तर आमचा देव्हारा आपणहून शेजाऱ्यांकडे राहायला गेला असता. म्हणून नायलॉनचा.

कल्याणच्या बाजारात सलूनचं सामान मिळतं तिथे गेले.

"सलून टाकताय का, ताई?" दुकानदाराने विचारलं.

"नाही हो. मिस्टरांसाठी."

"मिस्टरांचं सलून?"

"मिस्टर बँकेत आहेत."

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. "बँक सोडतायत का?"

"वाढदिवसाची भेट आहे!"

"वस्तरा?" तो गल्ल्यावरून पुढे वाकला. मग हळूच म्हणाला, "ताई, सगळं ठीक ना घरी? नाही म्हणजे, लोक शर्ट देतात."

काळ्या मुठीचा, हुबेहूब अण्णांसारखा वस्तरा निवडून मी घरी आले. आता ऐका, इथेच सगळं बिघडलं. ब्रश, वाटी, पट्टा, तुरटी हे मी माझ्या साड्यांमध्ये लपवलं. पण माझं कपाट ओवी रोज उपसते. पाच वर्षांची आहे, तिला माझ्या ओढण्यांची दुकानं मांडायची असतात. तिथे धारदार वस्तू कशी ठेवणार? म्हणून वस्तरा तेवढा वेगळा काढला, ओरखडा पडू नये म्हणून समीरच्या एका मोज्यात घातला, आणि माळ्यावर चकलीच्या सोऱ्याच्या डब्यात ठेवला. यंदा घरात फराळ नाही, तर सोऱ्याला हात कोण लावणार? यापेक्षा सुरक्षित जागा आख्ख्या डोंबिवलीत नव्हती!

शेजारच्या कुलकर्णीकाकूंचा सोऱ्या त्याच आठवड्यात मोडला.

यापुढचं मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, उगाच जिवाला घोर नको. काकूंनी सोऱ्या मागितला. आईंनी डबा काढला. आत मुलाचा मोजा, मोज्यात वस्तरा. मुलगा सात महिने दाढी करत नाही, धड बोलत नाही, आणि त्याने वस्तरा लपवून ठेवलाय! त्या माउलीच्या मनात काय आलं असेल ते मी लिहीत नाही. तुम्हाला कळलंच असेल.

त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. वस्तरा त्यांनी मोज्यातून काढून स्वतःच्या कपाटात, अण्णांच्या सदऱ्यांखाली ठेवला आणि त्या दिवसापासून समीरची पाठ सोडली नाही. तो आंघोळीला गेला की ह्या दाराशी मटार सोलत बसायच्या.

"समीर, झालं का रे?"

"आत्ता तर आलोय, आई!"

"कडी कशाला लावतोस? आपलंच तर घर आहे."

मटार नसले की नुसतं ताट घेऊन बसायच्या.

दोन-तीन दिवसांनी समीर गरम पाण्याची पिशवी शोधायला आईंच्या कपाटात गेला आणि त्याच्या हाताला अण्णांच्या सदऱ्यांखाली लागला वस्तरा. त्याला काय वाटलं असेल? नवरा गेलेला, बाई आतून खचलेली. त्यानेही कुणाला सांगितलं नाही. वस्तरा स्कूटरच्या डिकीत टाकला, ऑफिसला रजा टाकली, आणि आईच्या मागे मागे.

"आई, देवळात चाललीस? मी येतो."

"तू? देवळात?" आईंना रडूच कोसळलं. एरवी देवळाच्या दारात चपला सांभाळत उभा राहणारा मुलगा एकदम देवाचं नाव घ्यायला लागला, म्हणजे किती टोकाला गेला असेल!

आता माझ्या बाजूने बघा. नवरा अचानक रजेवर. सासू येता-जाता डोळे पुसतेय. मला वाटलं, वस्तरा आत्ताच देऊन टाकावा. माळ्यावर बघते तर डबाच नाही. ओवी म्हणाली, तो काकूंनी नेला. पळत काकूंकडे गेले.

"काकू, सोऱ्याच्या डब्यात काही होतं का?"

"सोऱ्या होता."

"अजून काही?"

"अगं, जाळ्या होत्या. मृणाल, तू बस बघू. पाणी देते."

वस्तरा नाही! घरात वस्तरा आहे हे फक्त मला ठाऊक. आईंना सापडला असता तर त्यांनी मला विचारलं असतं, म्हणजे तो समीरलाच सापडला असणार, आणि सापडूनही तो बोलत नाही. का बोलत नाही? आणि आणून कुणी ठेवला घरात? मी! खरं सांगते, त्या दोन दिवसांत मी देवाला काय काय कबूल केलं ते आता फेडता फेडता म्हातारी होईन.

वाढदिवसाच्या सकाळी समीर आंघोळीला गेला. आत नळाचा आवाज बंद झाला. बराच वेळ काहीच आवाज नाही. आई ताट घेऊन दाराशी होत्याच, मी पोळ्या टाकून तिथे. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघी एकदम दार बडवायला लागलो.

"समीर! दार उघड! शपथ आहे तुला!"

दार उघडलं. कमरेला टॉवेल, डोळ्यांत शाम्पू. "पाणी गेलंय! काय झालं? आई बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीये? तू बरा आहेस ना?" आईंनी त्याचे दोन्ही हात धरले, उलटसुलट करून बघितले. "समीर, तो वस्तरा..."

"आई, तो माझ्याकडे आहे. मला सापडला तुझ्या कपाटात. आई, तू असा विचार तरी कसा करू शकतेस?"

"मी? अरे, तो तुझ्या मोज्यात होता!"

"माझ्या मोज्यात?"

मग दोघांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"हॅपी बर्थडे, समीर," मी म्हणाले.

पुढची काही मिनिटं कोण हसत होतं आणि कोण रडत होतं, सांगता यायचं नाही. आई जमिनीवर बसून पदर तोंडाला लावून हलत होत्या, त्यांचं तर दोन्ही चाललं होतं. मी ब्रश, वाटी, पट्टा, तुरटी सगळं आणून समीरसमोर मांडलं. खाली डिकीतून वस्तरा आला. समीरने तो उघडला, काळी मूठ आता नीट बघितली आणि हसायचा थांबला.

"मला वाटलं, हा बघून तरी दाढी करशील," मी म्हणाले. "तू स्वतःकडे बघतच नाहीस रे."

"बघवत नाही," तो म्हणाला. सात महिन्यांत एवढं तो पहिल्यांदा बोलत होता. "दहाव्याला घाटावरून आलो, तोंड धुतलं, वर बघितलं, तर आरशात अण्णा. टक्कल, गाल, हनुवटी, सगळं तेच. मी 'अण्णा' म्हणून हाकसुद्धा मारली, मृणाल. मग ठरवलं, ही हनुवटी झाकूनच ठेवायची."

घ्या! ज्या आरशापासून हा माणूस तोंड लपवून फिरत होता, त्याच्यासमोर रोज उभं राहायचं सगळं सामान मी महिनाभर अभ्यास करून, टोकाचा गोलपणा बोटाने तपासून, अण्णांच्याच मुठीचं निवडून आणलं होतं. एमएस्सी, फर्स्ट क्लास.

ओवी इतका वेळ दाराला धरून उभी होती. ती आली, समीरच्या मांडीवर चढली आणि दोन्ही हातांनी त्याची दाढी बाजूला करून आत बघायला लागली.

"आजोबा इथे आहेत?"

समीरने मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही.

तिने वाकून दाढीत एक हळूच फुंकर मारली आणि म्हणाली, "बाबा, अरे, त्यांना किती उकडत असेल!"