उपाशी उंदरांचा प्रसाद

बायको जाऊन लई वर्षं झाली, तरी दुपारी डबा उघडला की माझा हात आधी कांद्याकडं जातो. ती कांदा अख्खा ठेवायची, फोडून न्हाई. म्हणायची, फोडलेल्याला तुमच्या उंदरांचा वास लागतो. आता भाकर मीच थापतो. एका अंगानं जळती, दुसऱ्या अंगानं कच्ची राहती. कांदा मीच ठेवतो आणि मीच शोधतो.

मी चौथीपर्यंत शिकलो. आमचं घराणं मेंढरांचं. गुडघे गेले, रानात फिरणं जमंना, तवा एक शेळी ठेवून मेंढरं विकली आणि हिंगोलीत औषधांच्या एका कॉलेजात जनावरांच्या खोलीवर कामाला लागलो. हिंगोली तवा नुकताच जिल्हा झाला होता. जनावरं म्हणजे पांढरे उंदीर. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाणी भरायचं, शेपटीवरची शाईची खूण पुसली की परत करायची. ज्यानं कळपातलं एकेक मेंढरू तोंडावरून ओळखलं, त्याला उंदीर काही जड न्हाई.

तिथं एक म्याडम संशोधन करून राहिल्या होत्या. वयानं आमच्या पोरीएवढ्या. पोरगी कनेरगाव नाक्याला दिलेली, घरी बोलायला आमी दोघंच, म्हणून असंल, मला त्यांच्याशी बोलावं वाटायचं. त्या मला मामा म्हणायच्या. त्यांच्याकडं बोटाच्या पेराएवढ्या दोन बाटल्या होत्या, खालच्या बर्फाच्या फ्रीजात ठेवलेल्या. एकीवर लाल पट्टी, एकीवर निळी. एक दिवस विचारलं, हे काय हाये.

"भांगेसारखं काम करणारं औषध आहे मामा. पण झाडापासून काढलेलं नाही. प्रयोगशाळेत बनवलेलं."

"मंग भांगच का न्हाई देत? फुकट उगवती."

"भांगेत शंभर गोष्टी असतात. कोणती काय करते ते कळत नाही. यात एकच आहे." मग त्यांनी सांगितलं की डोक्यात काही जागा असतात, भांग तिथं जाऊन अडकते.

"खुंट्यावानी?" मी म्हणलं. शेळी दाव्यानं बांधायचा खुंटा, दुसरं काय सुचणार मला.

"हां, खुंटेच म्हणा. लाल बाटलीतलं त्या खुंट्याला बांधलं जातं आणि उंदराला भूक लागते. निळ्या बाटलीतलं नुसतं खुंटा अडवून बसतं. दुसऱ्याला बांधू देत नाही."

हे मी घरी सांगितलं. मला दिवसभरातलं सगळं घरी सांगायची सवय होती. तिचं माहेर कुरुंद्याचं, हळदीच्या गावचं. नवरीचे हात पिवळे असतेतच, पण हिचे हळद शिजवून जल्मभर पिवळे राहिले. ते हात पिठात तसेच ठेवून ती म्हणाली, "माणसाच्या डोक्यात बी असतेत का खुंटे?"

"असतेत म्हणे."

"भांग न पिणाऱ्याच्या बी?"

"समद्यांच्या."

"मंग देवानं ते कशाला ठोकले? इचारून या."

मी विचारलं. म्याडम हसल्या. म्हणाल्या, "मावशींना सांगा, हाच प्रश्न घेऊन जगभर लोक बसलेत. शरीर स्वतःच तसलं काहीतरी थोडं थोडं बनवतं, एवढं कळलंय." बायकोला ते लई आवडलं. आपला प्रश्न घेऊन जगभर लोक बसलेत, हे तिनं गल्लीतल्या समद्या बायांना सांगितलं.

कामाची रीत अशी होती. उंदरापुढं खाणं तोलून ठेवायचं आणि मागून उरलेलं तोलायचं. पिंजऱ्याखाली कागद असायचा, त्यावर सांडलेला चुरा बी तोलायचा. म्याडम म्हणायच्या, "पोटात गेलेलं दिसत नाही मामा. उरलेलं मोजायचं." आणि तोलायच्या आदल्या दिवशी उंदरांना उपाशी ठेवायचं. हे मी घरी सांगितलं तिथंच चुकलं.

"उपास आपल्या मनानं धरायचा असतो," बायको म्हणाली. "दुसऱ्याला उपाशी ठेवणं, त्याला काय म्हणतेत?"

"प्रयोग म्हणतेत."

"पाप म्हणतेत."

शिवरात्रीला ती औंढ्याला जाऊन आली. दुसऱ्या दिवशी डब्यासोबत पुरचुंडी दिली, चुरमुरे आणि बत्तासे. "हे त्यांना द्या. गणपतीचं वाहन हाये ते. उपाशी मारून राहिले तुमी."

"अगं, प्रयोग बिघडंल."

"चार दाण्यानं कुठं बिघडतो."

मलाही तसंच वाटलं. प्रसादानं कुणाचं वाईट होतं, हे मी कधी ऐकलं नव्हतं. एकेका पिंजऱ्यात चिमूट चिमूट टाकलं. उंदीर दोन्ही हातांत दाणा धरून खातो, लेकरानं भाकर धरावी तसा. बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी म्याडमचे सगळे तोल वाकडे आले. लाल बाटलीवाले उंदीर काही जास्त खाईनात. त्यांना वाटलं औषधच खराब झालं. दोनदा तोललं, वही मिटली आणि कपाळ टेबलाला लावून बसल्या. मी भुसा बदलत राहिलो. 

घरी सांगितलं. बायकोनं ताट पुढं सरकवलं होतं, ते मागं ओढलं.

"सांगितलं का न्हाई?"

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या. परक्याचं लेकरू तिकडं रडून राहिलं अन् तुमी इथं जेवता? उद्या तुमी न्हाई सांगितलं तर मी येते."

सकाळी सांगितलं. म्याडम माझ्याकडं बघतच राहिल्या. "प्रसाद? उंदरांना?"

"समद्यांना बराबर दिला म्याडम. कमीजास्त न्हाई."

त्या हसल्या, मग डोळे पुसले, मग परत हसल्या. वहीच्या त्या पानांवर रेघ मारली आणि काम पयल्यापासून धरलं. मला एक वाकडा शब्द बोलल्या न्हाईत. रविवारी घरी आल्या, "प्रसाद पाठवणाऱ्या मावशी बघायच्यात" म्हणत. बायकोनं त्यांना भाकर-ठेचा वाढला आणि पुढ्यात बसून त्यांच्या घासाघासाकडं बघत राहिली. दोन भाकरी खाल्ल्याबिगर उठू दिलं न्हाई.

त्याच्या दुसऱ्या वर्षी बायकोच्या पोटात गाठ निघाली. नांदेडला दाखवलं. डॉक्टर म्हणाला, घरी न्या, मागंल ते द्या. ती काहीच मागायची न्हाई. कण्या करून दिल्या, ताक दिलं, गूळ दिला. समद्यांना वाढणाऱ्या बाईचं अन्नावरचं मन उडालं. संध्याकाळी विचारलं की म्हणायची, "खाल्ली की अर्धी भाकर." मला बरं वाटायचं. पण आमची शेळी खाटेखाली तोंड घालू लागली. मी वाकून पाहिलं तर भाकरीचे तुकडे. उशीखाली तुकडे, गोधडीच्या घडीत तुकडे. त्या दिवसापासून मी घरात बी उरलेलं मोजू लागलो. तिला बोललो न्हाई. ती म्हणायची अर्धी, मला दिसायचं दोन घास.

आणि कॉलेजात खाऊन बाजूला झालेला उंदीर बी लाल बाटलीतलं टोचलं की परत खाण्याकडं येताना दिसायचा. रोज.

मी म्याडमला सरळ विचारलं. "तेवढं आमच्या घरी द्या."

त्यांनी पिंजऱ्याकडं बोट केलं. तिथं एक उंदीर दगडावानी बसला होता. "हात लावून बघा." लावला. जिता होता, पण थंड. "बाटली तीच आहे मामा. थोडं दिलं तर खातो, जास्त दिलं तर असा होतो. माणसाचं थोडं म्हणजे किती, ते या बाटलीपुरतं कुणालाच माहीत नाही. उंदराचं चुकलं तर मी वहीत लिहिते. मावशींचं चुकलं तर काय लिहू?"

मला ते समजलं. समजून बी दुसऱ्या दिवशी, म्याडम वर्गावर गेल्या तवा, मी फ्रीज उघडला. किल्ली माझ्याकडंच असायची. लाल पट्टीची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली आणि घरी आलो.

बायकोनं डब्याच्या आवाजावरून ओळखलं. "काय वाजतंय?"

दाखवली. सांगितलं.

"यानं भूक लागंल?"

"उंदराला लागती."

"म्याडमला माहीत हाये?"

"न्हाई."

ती बाटलीकडं बघत राहिली. तिला बी मोह पडला होता, मला दिसलं ते. मग म्हणाली, "मला भूक लागावी वाटतं हो. पण त्या लेकराची चोरून आणलेली न्हाई पाहिजे. सकाळी नेऊन द्या. आन् सांगा. मागच्यावानी एक दिवस थांबू नका."

मी चिडलो. म्हणलं, "मर मंग." असं बोललो मी. लिहून ठेवतो, कारण खरं हाये.

"मरतेच की," ती म्हणाली. "पण बाटली नेऊन द्या."

सकाळी नेऊन दिली. म्याडमचा चेहरा पांढरा पडला. "मावशींनी घेतलं?"

"न्हाई. तिनंच परत पाठवली."

त्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "मग बाटलीचं काही नाही." ती बाटली बर्फाबाहेर राहिली होती, आता तिचा भरवसा न्हाई म्हणून त्यांनी बाजूला काढली. फ्रीजची किल्ली तेवढी माझ्याकडून मागून घेतली. बराबर केलं.

बायको जायच्या चार दिवस आधी म्याडम घरी आल्या. औंढ्याला जाऊन आल्या होत्या. कागदात चुरमुरे होते. खाटेशी बसून म्हणाल्या, "मावशी, प्रसाद."

बायकोचा आवाज बसला होता. तरी म्हणाली, "समद्यांना बराबर दिला का?"

म्याडमनं हो म्हणून मान हलवली. बायकोनं दोन दाणे उचलले. बोटं अजून पिवळी होती. एक एक करून तोंडाकडं नेले, डोळे मिटले आणि हलकेच चावल्यासारखं केलं. म्याडमला दिसावं म्हणून चावली, की खरंच खाल्लं, मला कळंना.

म्याडम गेल्यावर तिला डोळा लागला. मी गोधडी सावकाश उचलली, घडी घडी उलगडली, खाली कागद अंथरून झटकली. एक दाणा पडला.

म्हणजे एक गेला होता पोटात.

पडलेला मी खाल्ला. मऊ झाला होता.