पाच डब्यांचे पाच वाटे

होम थिएटरचे पाच स्पीकर मी घरातल्या पाच माणसांना एकेक वाटून दिले होते. नातवंडं हसतात. हसोत बापडी. तेव्हा मात्र गावात माझ्याइतकी न्यायी बाई दुसरी नाही, असं मला वाटायचं.

आमचं घर जवळा बाजारच्या अलीकडचं, शेळ्या-मेंढ्यांचं. बोकड कापला की पळसाच्या पानांवर सारखे वाटे पडणार, आणि कुणी गावाला गेलं असलं तरी त्याचा वाटा निघणार म्हणजे निघणार. ही शिस्त माझ्या अंगात मुरलेली.

सासूबाईंची नजर गेली होती, पण पिक्चरचा शौक शाबूत होता. म्हणून दिवाळीला नोकरीवरून येताना पोरानं ते होम थिएटर आणलं. आज्जीला बाजेवर बसवलं, भोवती ते स्पीकरचे डबे मांडले आणि एकेकातून नुसता ‘शूऽऽ’ आवाज काढत बसला.

"आज्जी, आता बराबर?"

"मागचा फुसफुस करून राहिला. वाढव जरासा."

अर्धा दिवस हेच. शेवटी पाचही डबे बाजेवर सारखे ऐकू येऊ लागले. "आई, आता ह्याला हात लावू नको," म्हणाला आणि गेला.

हात न लावायला मी काय पाहुणी होते? पाचही डबे एकट्या म्हातारीला? वायरी लांबलचक होत्याच. एक ओसरीवर ह्यांना, एक लेकीच्या खोलीत, एक पोराच्या वाट्याचा म्हणून त्याच्या रिकाम्या खाटेवर. टीव्हीखालचा मधला मी चुलीपाशी नेला. मागचा एक सासूबाईंच्या उशाशी ठेवला. नुसती धमधम काढणारा सहावा मोठा खोका उरला, त्यावर पाण्याची घागर छान बसली.

हिरो-हिरॉईनचं सगळं बोलणं माझ्या फोडणीत पडू लागलं. सासूबाई मात्र कुरकुरायच्या.

"अगं, नुसतं वारं सुटलंय. गाड्या पळून राहिल्या. माणसं काहून बोलंनात?"

मी त्यांचा डबा वाढवला. वारं वाढलं. मग मी निदान केलं: म्हातारीचे कान गेले. शेजारणीलाही सांगून टाकलं. त्या दिवसापासून मी सासूबाईंशी ओरडून बोलायची, आणि त्यांच्याविषयी त्यांच्यासमोरच, अगदी साध्या आवाजात. "कानाला बूच, जिभेला मिरची" हे माझं त्या आठवड्यातलं आवडतं वाक्य. भाकरी वाढताना तर रोज.

आठ दिवसांनी हिंगोलीला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं, तसा पोरगा सुट्टी काढून आला. घरभर पसरलेल्या वायरी बघून उंबऱ्यातच थबकला.

"आई, मटणाच्या वाट्यात सगळ्यांना थोडी कलेजी, थोडं हाड येतं. ह्यात तसं नसतं. बोलणं मधल्या डब्यातून येतं, मागून नुसतं वारं. तू कलेजी सारी चुलीपाशी नेली अन् आज्जीला हाडं वाढली."

त्यानं पाचही डबे परत बाजेभोवती मांडले. शूऽऽ झालं. पिक्चर लागला, माणसं बोलली. सासूबाईंचा चेहरा असा उजळला की मी लाजून घागर उतरवायला वळले.

"डॉक्टर ऱ्हाऊ दे आता," मी पुटपुटले. "कान चांगले हायेत तुमचे."

"चांगलेच व्हते, बाई. डब्यातलं तेवढं येत न्हवतं. तुजं समदं येऊन राहिलं व्हतं. मिरचीसगट."